तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी 'ओन'ला (own) मराठीत काय म्हणतात?

"मॅडम, 'ओन'ला मराठीत एक क्रियापद सांगा ना!" वर्गात, लग्नात, कुठेही. नाहीये हो. 'मालकीचं असणे' म्हणा. पण तो 'मालक'ही अरबीतून फारसीमार्फत आलेला. आपण म्हणतो 'माझ्याकडे आहे', आणि याच 'कडे'ने माझा घात केलाय.

मी सतरा वर्षांची होते. मोठ्या काकांच्या मागे त्यांचं घर आत्या सांभाळायची. काकांच्या मुलाला मराठी वाचता येत नसे, म्हणून पत्रं मी इंग्रजीत लिहायची. आत्या म्हणाली, "लिही, घर माझ्याकडे आहे, काळजी करू नकोस." मी ऐटीत 'ओन' वापरलं. नवा शब्द होता, 'हॅव' फार बाळबोध वाटलं. उत्तर एका ओळीचं आलं: कधीपासून?

ते तिला मराठीत वाचून दाखवायचं कामही माझंच.

"असं का विचारतोय गं? तू काय लिहिलं होतंस?"

"तू सांगितलंस तेच."

खोटं नव्हतं, आणि खोटंच होतं. पुढच्या महिन्यात तिने किल्ल्या रजिस्टर पोस्टाने पाठवून दिल्या.

पुढे कित्येक वर्षं मी वर्गात ठणकावायचे, 'ओन' म्हणजे मालकी, विषय संपला. तो संपलेला नव्हता हे शब्दाचं मूळ शोधताना कळलं. जुन्या इंग्रजीत 'आगन' म्हणजे बाळगणे, जवळ असणे. त्याच्या 'आगेन' या रूपातून 'स्वतःचा' या अर्थाचा 'ओन' आला, क्रियापदही त्याच घरातलं. देणं लागण्याचा 'ओ' (owe) थेट 'आगन'मधून आला; शेक्सपिअरच्या काळातही तो मालकीसाठी चालायचा. 'ऑट' (ought), म्हणजे 'करायला हवं', हाही मुळात त्याचाच भूतकाळ. आपला संस्कृत ईश् धातू, ज्यातून ईश्वर आला, तो याच कुळातला.

जवळ असण्यातून देणं कसं निघालं, याचं मला नवल वाटायचं. मग कुणीतरी म्हणालं, "तुझे पैसे माझ्याकडे आहेत हं, देते." घ्या! हातात आहेत माझ्या, पण आहेत तुमचे. मराठीला हे सांगायला वेगळं क्रियापद लागलंच नाही.

म्हणून काही मी निर्दोष ठरत नाही. शब्दांची कुळं कळायच्या आधीही आत्याला काय म्हणायचंय ते मला नीट ठाऊक होतं. आज ते पत्र लिहायचं तर 'लुक आफ्टर' लिहीन, आणि भावाला राग येणार नाही. पण आत्या 'सांभाळते' म्हणालीच नव्हती. 'माझ्याकडे आहे' म्हणाली होती, जरा मान ताठ करून.