दोन्हीकडचे

शनिवारी दुपारी आमटीभात अंगावर आलेला, पंख्याखाली आडवा झालो होतो. तेवढ्यात भाची वही घेऊन आली. "मामा, माझं नाही चुकलेलं. पुस्तकच चुकलंय."

एका कार्यालयात 40 माणसं. 28 जण चहा घेतात, 19 जण कॉफी, 5 जण काहीच घेत नाहीत. तर दोन्ही घेणारे किती? तिने सरळ बेरीज मारली होती : 52. कार्यालयात माणसं 40. मग ही वरची 12 कुठून उपटली?

उत्तर तिच्या हातात होतं आणि ती त्याच्यावरच चिडली होती. पण चूक तिची नव्हेच. आपल्याकडे पाहुण्याला "चहा घेणार की कॉफी?" असं विचारल्यावर "दोन्ही" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. घरात 'चहा घेतो' म्हणजे चहाच घेतो. गणितात तो 'च' कुणी ऐकून घेत नाही, तिथे 'फक्त' असं स्वच्छ लिहिलेलं लागतं. नसेल, तर दोन्हीवाले आतच धरायचे. आमच्या सरांनी 'फक्त'खाली रेघ मारायची इतकी सवय लावली, की एसटीत 'फक्त महिलांसाठी' दिसलं तरी माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो.

उठून बसलो, ताईची बांगडी मागून घेतली. भाचीच्या दप्तरात कंपास होता, पण ही वर्तुळं कंपासने काढू नयेत. कागदाला मधोमध भोक पडतं आणि मग नजर तिथेच जाते. बांगडी ठेवायची, पेन्सिल फिरवायची, जरा सरकवायची, पुन्हा फिरवायची. मधे डोळ्याच्या आकाराची जागा तयार होते. त्यात क्ष. फक्त चहावाले 28 वजा क्ष, फक्त कॉफीवाले 19 वजा क्ष. बाहेर चौकटीच्या कोपऱ्यात ते 5 बिचारे. सगळे मिळून 52 वजा क्ष, आणि माणसं 40.

"म्हणजे माझे जास्तीचे 12च?"

"तेच. दोनदा मोजलेले."

पुढची उदाहरणं क्रिकेट आणि कबड्डीची होती, ती तिने एकटीने सोडवली. या आकृत्या ज्याच्या नावावर आहेत त्या जॉन व्हेनला क्रिकेट चाललं असतं. त्याने चेंडू टाकणारं एक यंत्र बनवलं होतं. 1909 मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या एका चांगल्या फलंदाजाची त्या यंत्राने चार वेळा दांडी उडवली म्हणतात. 1880 साली त्याने या आकृत्यांवर लिहिलं, पण स्वतः त्यांना ऑयलर या आधीच्या गणितज्ञाची वर्तुळंच म्हणायचा. लग्नाच्या याद्या त्याला कराव्या लागल्या नसाव्यात.

आमच्या ताईचं लग्न गावातच झालं. आम्ही वरच्या वाडीतले, नवरा खालच्या. आमची यादी 180ची, त्यांची 220ची. अण्णांनी आचाऱ्याला 400 पानं सांगितली. सगळं गाव एकमेकांचं सोयरं आहे, हे मांडवात कुणाच्या ध्यानात आलं नाही. जेवली 340. नंतर चार दिवस आम्ही जिलबी खाल्ली, पाचव्या दिवशी म्हशीने.

60 माणसं दोनदा मोजली गेली, त्याचं घरात पुढे कित्येक वर्षं हसू झालं. दत्तूकाकांचं नाव मात्र त्या हसण्यात कधी आलं नाही. ते अण्णांचे चुलतभाऊ, आणि खालच्या वाडीत ताईच्या सासऱ्यांचे भजनातले जोडीदार. आम्ही म्हटलं, ते तिकडून येतील. तिकडचे म्हणाले, ते तर मुलीकडचे. अक्षत कुणीच दिली नाही.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ते आपणहून आले, ताईसाठी साडी घेऊन. आईच्या लक्षात आलं तशी ती कावरीबावरी झाली, घाईघाईने जिलबीची ताटली पुढे केली.

"गोड सोडलंय, वहिनी," म्हणाले, आणि नुसता चहा घेऊन गेले.

त्याआधीच्या एकादशीला भजनानंतर राजगिऱ्याचा लाडू त्यांनी दोनदा मागून घेतला होता. त्यांच्या शेजारीच मी बसलो होतो.