घर विकताना वकीलबाईंनी आक्काला विचारलं

सांगलीच्या गावभागातलं आमचं घर २०१९ च्या महापुरात बुडालं. त्यानंतर आईनं तिथं राहायचं नाव घेतलं नाही. शेवटी विकायचं ठरलं, गिऱ्हाईकही आलं. वकील घेणाऱ्याला लागतो, विकणाऱ्यानं सह्या करायच्या नि पैसे घ्यायचे, असं मी धरून चाललो होतो. चुलतभाऊ मला बळंच वकीलबाईंकडे घेऊन गेला.

त्यांनी आधी मूळ खरेदीखत मागितलं. ते तर ट्रंकेत भिजून लगदा झालेलं! माझे हातपायच गळाले. "काका, दस्त नोंदवलेला आहे ना? मग दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल मिळते," बाई म्हणाल्या. घेणाऱ्याची बँक हटून बसेल म्हणून पोलिसांतला दाखला आणि पेपरातली जाहीर नोटीसही त्यांनीच करून घेतली.

प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीत, अजून वडिलांचं नाव. घर त्यांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही. म्हणजे आई, आक्का आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करायला हवी होती.

"आक्काला काही नको, ती स्टॅम्पवर लिहून देईल," मी म्हणालो. नुसती नोटरी केलेली हक्कसोड चालत नाही, ती रजिस्टर करावी लागते, हे मला तेव्हा कळलं. पण बाई तिथं थांबल्या नाहीत. आक्काला बोलावून मला बाहेर बसायला सांगितलं. "मी तुमच्या भावाची वकील आहे, तुम्हाला वाटलं तर दुसऱ्या वकिलाला विचारा," असं आधीच सांगून मग त्यांनी तिला विचारलं, की तुम्हाला खरंच हिस्सा नको आहे का? आक्का रडली. तिला हिस्सा हवा होता. माहेर तुटेल म्हणून इतकी वर्षं बोलली नव्हती, आणि मी तरी कुठं कधी विचारलं होतं! हक्कसोडीचा विषय त्या दिवशीच संपला. विकणारे म्हणून खरेदीखतात तिघांची नावं आली.

साठेखताचा, म्हणजे खरेदीखताच्या आधीच्या कराराचा, मसुदा घेणाऱ्याकडून आला. त्यात विसार देताच ताबा, असं कलम. मी वाचून सही केलीच असती. बाईंनी ते खोडलं: ताबा सगळी रक्कम खात्यावर जमा झाल्यावरच. किंमत पन्नास लाखांच्या वर होती, त्यामुळे घेणारा रकमेतूनच एक टक्का टीडीएस, म्हणजे आमच्या नावावर भरायचा आयकर, कापणार होता. तो तिघांच्या पॅनवर ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे दिसला पाहिजे, हेही त्यांनी लिहून घेतलं. बाईंच्या फीवरून मी आधी कुरकुरलो होतो, त्याचं मला आज वाईट वाटतं.

खरेदीखताच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर आधी आई बसली, मग आक्का. अंगठा टेकवताना तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचा डीडी तिच्या नावावर, वेगळा आला होता. घरी येताना तो तिनं आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा धर, मी पदर नीट करते."