खांडसवरून भीमाशंकर, श्रावणातली पायी वारी

आमच्या परळच्या चाळीतली बरीच मंडळी श्रावणात भीमाशंकरला गाडी करून जातात, मंचरवरून. आमचा ग्रुप मात्र खांडसवरून पायीच जाणारा. रविवारी पहाटेची कर्जत लोकल, पुढे कशेळेमार्गे खांडस आणि तिथून चाल सुरू.

वाटा दोन. शिडी घाट जवळचा आहे पण लोखंडी शिड्या आणि बाजूला सरळ कडा, भर पावसात तिकडे जाणं मला तरी अजिबात पटत नाही. गणेश घाट लांबचा, पाच-सहा तास सहज जातात पण पदरगडाला वळसा घालत आरामात वर नेतो. आम्ही बूट घालून धापा टाकत होतो आणि खांद्यावर पिशवी अडकवलेल्या आज्या साध्या चपलांवर "चला, चला, महादेव वाट बघतोय" म्हणत पुढे गेल्या!

आमच्यात एक काका आहेत, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. एका ओल्या कातळापाशी थांबवलं, "हात लावून बघ रे जरा." काळा बेसॉल्ट, त्यात बारीक बारीक भोकं, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची, आणि काही भोकांत पांढरे स्फटिक, मोबाईलचा टॉर्च मारला की चमकतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, कडक थर कडा होऊन उभा राहिला, ठिसूळ थर झिजून सपाटी झाली, म्हणून सह्याद्री असा टप्प्याटप्प्याने चढतो. आता कळलं मधल्या पदराच्या सपाटीवर पाय का सुटतात ते. दोन्ही वाटा तिथेच एकत्र येतात. झोपडीत मावशींनी चहा दिला, वर "पुढे जळवा हायत, पाय बघत चला" असं पण सांगितलं.

शेवटचा चढ गच्च रानातून, अभयारण्यच आहे ते. शेकरू दिसेल म्हणून माना वर करून चाललो, दिसलं नाही. देऊळ साधारण १००० मीटरवर, वर नुसतं धुकं आणि रांग लांबच लांब. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, तिथली पोर्तुगीज घंटा अजून इथे आहे, ती बघून घ्या. भीमा इथूनच निघते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणतो तीच. काका म्हणे, "आपण चढलो त्या बाजूचं पाणी उल्हासमधून अरबी समुद्रात आणि हे पार बंगालच्या उपसागरात."

परतताना घाट उतरू नका, गुडघे बोलतात. वरून पुण्याची एसटी मिळते.