बटाट्याच्या चकत्या आणि ए.एम.डी.जी.

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे म्हणून सरांचा फोन आला तेव्हा मी डोंगरावर होतो, रेंज जात-येत होती, मी म्हटलं सर मला काय लिहिता येतंय, तर म्हणाले मराठीत पस्तीस मार्क मीच दिले होते तुला, मला माहितीये, तरी लिही. म्हणून लिहितोय. चुकलंमाकलं पोटात घाला.

मी ८९ च्या दहावीच्या बॅचचा, बोर्डिंगचा पोरगा. गाव संगमनेरच्या पठारावरचं. ७२ च्या दुष्काळात आमचे वडील खडी फोडायला जायचे आणि सुकडी खाऊन दिवस काढले हे इतक्यांदा ऐकलंय की सुकडीची चव मलाच आठवते असं वाटतं. मला बोर्डिंगला टाकलं ते दोन टाईम जेवायला मिळेल म्हणून, देवाची योजनाबिजना कोणाच्या डोक्यातही नव्हती.

आपल्याकडे वहीच्या प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात ए.एम.डी.जी. लिहावं लागायचं, आठवतं ना? लॅटिनमधलं येशूसंघाचं, म्हणजे जेझुइट फादरांच्या संघाचं ब्रीद, देवाच्या अधिक गौरवासाठी. आम्ही त्याचा अर्थ लावला होता 'आज मास्तर दौऱ्यावर गेले'. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळीच पोरं लिहायची, न लिहिलं तर वही परत. येशूसंघ काढणाऱ्या संत इग्नाशियसची गोष्टही फादर दरवर्षी सांगायचे, १५२१ ला पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, शिपाईगिरी सुटली, आणि मग तेहतीस वर्षांचा बाप्या बार्सिलोनात बारक्या पोरांशेजारी बसून लॅटिन शिकला. आमच्यातला एक दोनदा नापास झालेला गडी मागून म्हणाला, मग मी तर लवकरच आलोय. फादरसुद्धा हसले.

पण माझ्या कामाला आलं ते भूगोलाच्या सरांचं. आठवीत समोच्च रेषा कोणाच्याच टाळक्यात शिरेना, तेव्हा सरांनी बोर्डिंगच्या किचनमधून बटाटा आणला, उभा अर्धा चिरला, पालथा टेबलावर ठेवला आणि आडव्या चकत्या पाडून प्रत्येक चकतीभोवती फळ्यावर खडू फिरवला. हा झाला डोंगर, म्हणाले. एका रेषेवरची सगळी ठिकाणं एकाच उंचीवर. एवढंच. चकत्या नंतर आम्ही कच्च्याच खाल्ल्या.

बारावीनंतर मी सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत गेलो. आपल्या लोकांत पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हटलं की फादर नाहीतर सिस्टर एवढंच समजतात, त्यात आईने हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेत नवस बोललेला. दोन वर्षांत परत आलो. कोणी हाकललं नाही, मीच आलो, आणि गावात तोंड लपवून फिरलो. देवाने दाखवलेली वाट सोडून पळालेला माणूस अशी माझी मीच पाटी लावून घेतली होती. मग पुण्याकडे एका कंपनीत प्रेस शॉपला लागलो, तिथे न मोजताच इन्स्पेक्शन रिपोर्टवर सह्या ठोकायची पद्धत होती आणि मी ठोकल्या, तीन वर्षं. त्या कागदांवर वर कोपऱ्यात काही लिहायची हिंमत मात्र झाली नाही.

९६ ला सुट्टीवर गावी आलो तर अख्खं गाव टेकडीवर. इंडो-जर्मन पाणलोटाचं, म्हणजे जर्मनीच्या मदतीने पावसाचं पाणी गावातच मुरवायच्या योजनेचं, श्रमदान चालू होतं, आधी गावाने घाम गाळायचा, कुऱ्हाडबंदी चराईबंदी पाळायची, मग पुढचं, असा नियम. आमच्या भागात हे काम उभं केलं फादर हर्मन बाखर यांनी, स्वित्झर्लंडचे येशूसंघी, १९४८ ला भारतात आले आणि आयुष्य नगर जिल्ह्यात घातलं, लोक त्यांना बाखर बाबा म्हणायचे. दरेवाडी गावचं काम बघायला तर आता कुठून कुठून लोक येतात. तर त्या टेकडीवर दोन पोरं लाकडाची ए-फ्रेम घेऊन, मधे ओळंबा सोडून, चर खणायला एकाच उंचीवरची रेघ शोधत, पाऊल पाऊल फक्की टाकत चाललेली. मी बघतच राहिलो. सरांचा बटाटाच की हा! पुण्याला परत गेलो तो फक्त हिशोब करायला, मग याच कामाला लागलो.

सुरुवातीला घाण केलीच. दुसऱ्या वर्षी एका उतारावर संध्याकाळ व्हायला आली म्हणून शेवटची लाईन नजरेनेच मारली, चर दोन फूट रुंद एक फूट खोल, दिसायला एकदम सरळ. पण डोळ्याला सरळ आणि समतल वेगळं असतं. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी एका खोलगट जागी धावलं, भराव फुटला, खालचे दोन चर घेऊन गेला आणि एका म्हाताऱ्या बाईच्या वावरात ओघळ पडला. ती काही बोलली नाही, हेच वाईट. आम्ही आठ दिवस माती वाहिली. तेव्हापासून कितीही अंधार होऊ दे, हायड्रोमार्करच्या (पाण्याने समतल बघायचं साधन) दोन्ही नळ्यांतलं पाणी सारखं दिसल्याशिवाय मी खुंटी ठोकत नाही, पोरं वैतागतात.

पगाराचं विचारू नका, बायको विचारते तेवढं बास.

बोर्डिंगच्या जुन्या फादरांना मी एकदा सगळं सांगितलं होतं, सेमिनरी, पळणं, त्या खोट्या सह्याही. ते फार थकले होते तेव्हा. म्हणाले, सेमिनरीत असताना झोप यायची का तुला? म्हटलं नाही. कंपनीत? नाही. आणि आता? म्हटलं आता पाठ टेकली की घोरतो. मग त्यांनी विषयच बदलला, यंदा विहिरीला पाणी कुठवर आहे म्हणाले. मी सांगितलं मार्चपर्यंत पुरेल, आधी दिवाळीतच तळ दिसायचा.

मला नाही वाटत देव कोणाच्या हातात पूर्ण नकाशा देतो. प्रवचनात तसं सांगतात, माझ्या बाबतीत तरी आठवीतला बटाटाच होता, आणि तोसुद्धा दहा वर्षांनी कळला.

अंदाजपत्रकाच्या वर कोपऱ्यात मी अजून ए.एम.डी.जी. लिहितो, हाताला सवयच आहे. परवा तालुक्याला एक नवीन साहेब आलेत, त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, ही कुठली स्कीम? म्हटलं साहेब, जुनी आहे, हिला फक्त निधी येत नाही.