कुंभार्ली घाटात ब्रेकचं पॅडल कडक झालं तेव्हा : कराड ते चिपळूण, भरलेल्या पिकअपनं

गणपतीच्या तोंडावर कराडहून कोकणात माल घेऊन उतरणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी हे लिहितोय. या दिवसांत चिपळूण, गुहागरकडे गुळाला आणि कांद्याबटाट्याला मागणी वाढते, चाकरमानी गावी यायच्या आत दुकानं भरायची असतात आणि भर पावसात कुंभार्ली घाट उतरावा लागतो. आमच्या गाडीत गुळाच्या ढेपा आणि कांद्याच्या गोण्या होत्या. माल पासिंगच्या आत, ताडपत्री दुहेरी. सोबतीला पुतण्या होता.

कराड ते चिपळूण अंतर शंभरएक किलोमीटर. मल्हारपेठ, पाटणपर्यंत रस्त्याचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. पाटणच्या पुढे कोयनेचं खोरं अरुंद होत जातं, पावसाचा जोर वाढतो आणि हेळवाक सोडल्यावर धुकं सुरू होतं. डिझेल पाटणलाच भरा. चहा प्यायचा असेल तर घाटमाथ्यावर थांबा, आणि प्यायचा नसेल तरी थांबा. खाली जाताना रस्ता जवळजवळ पाचशे मीटर उतरतो. याच उताराच्या जोरावर कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं. तीन टनांच्या आसपास भरलेली गाडी त्या उतारावर घालायची म्हणजे तिचा सगळा जोर ब्रेकच्या लायनरवर आणि इंजिनवर झेलायचा. म्हणून माथ्यावर पाच मिनिटं उभं राहून टायर, दोरखंड आणि ब्रेक बघूनच पुढे निघावं.

आम्हीही बघितलं. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर होती आणि पॅडल नेहमीसारखं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं उतरायला लागलो. काही वळणं झाली आणि समोरून एसटी वर येताना दिसली. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची म्हणून ब्रेकवर पाय ठेवला तर पॅडल थोडं आत गेलं आणि दगडासारखं कडक झालं. नेहमीच्या दाबानं गाडी आवरेना.

इथे काय केलं ते नीट सांगतो, कारण हा भाग कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. पाठ सीटला टेकवली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि दोन्ही पाय ब्रेकवर देऊन अंगातला सगळा जोर लावला. पॅडल सोडलं नाही, पुन्हापुन्हा दाबून पंप मारले नाहीत. गाडी हळूहळू वेग सोडायला लागली. वेग पुरेसा पडल्यावरच डावा पाय क्लचवर नेला, पहिला गिअर टाकला आणि लगेच क्लच सोडला. क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ गाडी मोकळी सुटलेली असते, त्यामुळे आधी वेग पाडायचा आणि मगच गिअरला हात घालायचा, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. इंजिननं गाडी धरली. एसटी निघून गेली. मग डोंगराच्या बाजूला जागा बघून, हँडब्रेक टप्प्याटप्प्यानं ओढत गाडी गटाराच्या कडेला लावली.

"काका, ब्रेक फेल झाला काय?" पुतण्या ओरडला.

"फेल न्हाई, कडक झालाय. उतर, चाकांना दगड लाव."

या दोन गोष्टींमधला फरक प्रत्येक ड्रायव्हरला झोपेतही कळला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पॅडल मऊ पडून तळाला गेलं तर ऑइल गळतंय, लाइन फुटलीय किंवा ऑइल तापून उकळलंय. तिथे भराभर पंप मारणं बरोबर, कारण त्यानं थोडाफार दाब परत तयार होऊ शकतो. पॅडल कडक झालं तर बहुतेक वेळा ऑइलची लाइन शाबूत आहे, लायनर शाबूत आहेत, ब्रेक जागेवर आहे. गेली आहे ती फक्त बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, मदत. तिथे पंप मारले तर बूस्टरमध्ये उरलेसुरले एकदोन दाब होते तेही संपतात. एकदाच दाबायचं, पूर्ण ताकदीनं, आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचं नाही. कडक पॅडल म्हणजे ब्रेक गेला असं समजून माणूस पाय काढतो, दरवाजा उघडून उडी मारायचा विचार करतो किंवा गाडी घळीकडे ओढतो. पायाखाली ब्रेक शिल्लक असताना असे जीव जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हे एवढ्या तपशिलानं लिहितोय.

बूस्टर म्हणजे बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मास्टर सिलिंडरच्या मागे दिसणारा काळा गोल डबा. त्यात रबरी पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पॅडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा आत शिरते आणि हवेचा दाबच पडद्याला पुढे ढकलतो. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर धरला आणि दोन्ही बाजूंच्या दाबात ०.८ बारचा फरक धरला तर हा धक्का सुमारे ४०० किलोचा होतो. एवढा जोर अचानक वजा झाला तर पायाला काय वाटेल ते यावरून समजा. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, पेट्रोलसारखी पुरेशी ओढ नसते, म्हणून हवा ओढून घेणारा वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो, काही इंजिनांत कॅमशाफ्टवर चालतो. पंपापासून डब्यापर्यंत एक जाड रबरी पाइप येतो आणि वाटेत हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, जेणेकरून इंजिन बंद पडलं तरी दोनतीन दाबांपुरता व्हॅक्यूम डब्यात राहावा. पाइप, व्हॉल्व्ह, पंप, पडदा यांतलं काहीही गेलं तरी पायाला लक्षण एकच जाणवतं.

अमेरिकेच्या ब्रेकच्या नियमांत साडेतीन टनांपर्यंतच्या हलक्या गाड्यांसाठी याचा हिशोबच दिलेला आहे. ताशी १०० किलोमीटरवरून, पॅडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन म्हणजे साधारण ५० किलोचा जोर देऊन, गाडी ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. बूस्टर बंद असेल तर हीच मर्यादा १६८ मीटर. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही धरून चाललं आहे की बूस्टरशिवाय गाडी थांबते, फक्त दुपटीहून जास्त अंतर घेते. ही सपाट, कोरड्या रस्त्यावरची चाचणी आहे. ओल्या घाटातलं अंतर तुम्हीच मनात धरा आणि पुढच्या गाडीपासून तेवढं लांब राहा.

दगड लावून झाल्यावर बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवलं होतं. पावसाच्या आवाजातही बारीक सूंऽऽ असा आवाज येत होता. पुतण्यानं टॉर्च धरली आणि मी पाइपवरून बोटं फिरवत गेलो. पंपाच्या टोकाला, क्लिपच्या अगदी खाली, पाइपला उभी चीर पडली होती. वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. पाइप वाकवला की चीर उघडायची आणि आतलं रबर काळं, तेलकट, चिकट होऊन सुटलेलं दिसायचं. अंगठा दाबून धरला तर चीर अंगठ्याला ओढून घेत होती. पंप ठीक आहे हे तिथेच कळलं.

नशिबानं चीर टोकालाच होती आणि पाइपला ढील होती. इंजिन बंद केलं, चिरलेला तुकडा सुरीनं सरळ कापून टाकला, पाइप पंपाच्या तोंडावर पूर्ण आत बसवला आणि क्लिप आवळली. मग चाचणी. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत चारपाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करायचं. बूस्टर चालू असेल तर सुरू होताक्षणी पॅडल पायाखाली थोडं खाली बसतं. ते बसलं. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा दाबून बघितलं. पहिले दोन दाब मऊ मिळाले, म्हणजे व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवतोय. ही चाचणी दुरुस्तीच्या वेळीच करायची असं नाही. रोज सकाळी गाडी सुरू करतानाच करता येते, पैसे लागत नाहीत, अर्धं मिनिट जातं. भरलेली गाडी घाटात घालणाऱ्यानं ती माथ्यावर पुन्हा करावी.

चाचणी पास झाली नसती तर आम्ही तिथून हललो नसतो. इथे कुणी कितीही घाई केली तरी ऐकू नका. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू जाऊ, असं म्हणणारे भेटतात. बूस्टरशिवाय भरलेली गाडी घाटातून खाली नेऊ नये. दुसरी गाडी बोलवावी, माल उतरवावा, नाहीतर तिथेच थांबून राहावं. मोबाइलला रेंज प्रत्येक वळणावर मिळत नाही, म्हणून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हर किंवा कंडक्टरकडे निरोप द्यावा. मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मागच्या बाजूला पन्नासएक पावलांवर त्रिकोण ठेवा. धुक्यात नुसत्या इंडिकेटरवर भरवसा नको.

उरलेला घाट पहिल्या गिअरमध्येच उतरलो. पोफळी, शिरगाव करत चिपळुणात बहादूरशेख नाक्याला पोचायला नेहमीपेक्षा बराच उशीर झाला. दुकानदारानं गूळ कोरडा आहे का एवढंच बघितलं. माल उतरवून थेट गॅरेज गाठलं.

तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी कापलेला तुकडा हातात घेऊन वाकवला. "हा बाहेरनं बघून कळत नाय ओ. सर्व्हिसिंगला लायनर बघतात, ऑइल बघतात, ह्याला कोण हात लावत नाय." त्यांनी पूर्ण पाइपच बदलला, व्हॉल्व्ह काढून दोन्ही बाजूंनी फुंकून बघितला आणि क्लिपही नवीन घातल्या. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवा. या जागी व्हॅक्यूमचाच पाइप हवा, जाड भिंतीचा आणि आत धागा असलेला. डिझेलचा किंवा पाण्याचा साधा पाइप मापात बसतो, पण व्हॅक्यूमच्या ओढीनं आणि इंजिनच्या उष्णतेनं तो आतल्या आत चपटा होऊ शकतो. मग पाइप धड दिसतो आणि बूस्टर मात्र उपाशी राहतो. पंपाला इंजिनचं ऑइल मिळत असल्यामुळे पंपाकडचं टोक तेलानं लवकर खराब होतं, तेव्हा तपासायचं ते टोक आधी.

पाइप फुटतो तेव्हा पॅडल एकदम कडक होतं. पंप झिजत आला असेल तर मात्र आधी सूचना मिळते. ट्रॅफिकमध्ये लागोपाठ ब्रेक मारले की तिसऱ्या-चौथ्या वेळी पॅडल जड लागतं आणि थोडं थांबलं की पुन्हा मऊ होतं. पडदा फाटला तर पॅडल दाबल्यावर पायापाशीच, केबिनमध्ये, हवेचा आवाज येत राहतो. आणि पंप अल्टरनेटरवर असेल तर बेल्ट तुटल्याक्षणी डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो. हा दिवा घाटात लागला तर चार्जिंग गेलं असेल, खाली जाऊन बघू, असं म्हणू नका. ब्रेकची मदतही त्याच बेल्टवर आहे. ताबडतोब थांबा.

हे फक्त आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत होतं असंही नाही. जनरल मोटर्सनं सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३४ लाख ६० हजार मोठे पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावले. २०१४ ते २०१८ च्या या मॉडेलांत सिल्व्हरॅडो आणि सिएरा हे पिकअपही होते. कारण हेच होतं : व्हॅक्यूम पंपाची ओढ काळानुसार कमी होऊन ब्रेकची मदत घटत होती. उपाय म्हणून ब्रेकच्या कंट्रोल मॉड्यूलचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे व्हॅक्यूम कमी पडला की हायड्रॉलिक मदत जास्त चांगली मिळेल. तिकडे राहणाऱ्या आपल्या कुणाकडे त्या वर्षांतली जुनी गाडी असेल तर गाडीचा व्हीआयएन नंबर (चासी नंबर) तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाकून काम झालंय का ते बघून घ्यावं.

आता न्यूट्रलबद्दल. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे आणि काही तर चावी फिरवून इंजिनच बंद करणारे मी या घाटात बघतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. डब्यातले दोनतीन दाब संपले की चांगल्या गाडीचंही पॅडल तसंच कडक होतं, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं आणि गिअरची पकड तर आधीच सोडलेली असते. वाचलेलं डिझेल कपभर नसतं. मालकांनी ड्रायव्हरला ॲव्हरेजवरून बोलताना याचा विचार करावा. ॲव्हरेज काढायचा दबाव आला की मुलं घाटातच ते काढायला बघतात.

या हंगामात जाणाऱ्यांनी शक्य तर सकाळी लवकर निघून उजेडात घाट उतरावा. दरड पडली की घाट बंद होतो, तेव्हा पाटणला चौकशी करूनच पुढे जावं. गाडीत चाकांना लावायला दोन लाकडी गुटके, हातभर व्हॅक्यूम पाइप, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, सुरी आणि चांगली टॉर्च ठेवावी. गुटके हवेतच, कारण पावसात रस्त्याकडेचे दगड मातीत रुतलेले असतात आणि हवे तेव्हा निघत नाहीत. पुतण्याला दुसरा दगड हातानं उकरून काढावा लागला.