गेल्या वर्षी तर गंज काढला होता ना?

हा प्रश्न मला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात विचारला जातो, उद्यमनगरात विचारला जातो आणि लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतही विचारला जातो. 2006 सालच्या माझ्या पिकअपच्या दाराखालचा पत्रा पुन्हा कापलेला दिसला, की विचारणाऱ्याच्या मनात दोनच शक्यता असतात: एक तर मिस्त्रीने फसवले असेल, नाहीतर मला पैसे जड झाले असतील. पुढचे वाक्यही ठरलेले असते, की एकदाचा कायमचा काढून तरी घ्या, नाहीतर गाडी विकून मोकळे व्हा. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून आता नीट लिहूनच उत्तर देतो.

गेल्या वर्षी डावी बाजू केली होती, यंदा उजवी उघडली आहे. सरळ उत्तर एवढेच आहे; पण ते कोणाला पुरत नाही, कारण गंज ही पत्र्यावर पडलेली वस्तू आहे आणि ती खरवडली की संपते, असा सर्वांचा समज असतो. बॉनेटच्या सपाट पत्र्यापुरते ते खरे आहे. तिथे चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासता येते, एपॉक्सी प्रायमर मारता येतो आणि काम वर्षानुवर्षे टिकते. केबिन मात्र सपाट पत्र्याची नसते. दाराखालचा उंबरा, दाराचा तळ, मागचा खांब, चाकावरची कमान हे सगळे दोन-तीन पत्रे दुमडून आणि एकमेकांवर ठेवून वेल्डिंगने जोडलेले पोकळ भाग असतात. पाणी त्या जोडात शिरते, गंज आतून धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागत असल्यामुळे तो जोड फाकवतो. फाकलेल्या जोडात आणखी पाणी शिरते. रंगावर फुगा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो. म्हणून जो भाग कापून उघडला, त्याच भागाचा गंज गेला असे मी म्हणू शकतो. न उघडलेल्या भागाबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही आणि कोणत्याही मिस्त्रीला नाही.

त्यात माझ्या गाडीचे काम पाहा. हंगामात गुऱ्हाळावरून गुळाचे रवे म्हणजे ढेपा यार्डात न्यायच्या, आणि गूळ हवेतली ओल ओढून घेतो; हौद्याच्या सांध्यात सांडलेला चुरा चिकट होऊन कायम ओला राहतो. हंगाम संपला की खताची पोती. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचा क्षार, आणि फाटक्या पोत्यातून पडलेल्या त्याच्या चार खड्यांवर पावसाचे पाणी पडले, की त्या जागेचा पत्रा इतर ठिकाणांपेक्षा फार लवकर सडतो. शिवाय खेपा गगनबावड्याच्या बाजूला, जिथे जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. हे सगळे, ज्यांनी ही गाडी घेतली त्या आबांच्या वेळीही होते आणि तरीही गाडी बरी टिकली होती, हे मला मान्य आहे. फरक पडला तो 2019 च्या ऑगस्टमध्ये.

पुराचे वर्णन कोल्हापूरकरांना मी करणार नाही. आंबेवाडी-चिखलीकडची जनावरे आम्ही जमेल तशी बाहेर काढली, शेवटच्या खेपेनंतर गाडी ज्या आवारात उभी केली तिथेच पाणी चढले, आणि महामार्ग शिरोलीजवळ बंद असेपर्यंत ती सीटपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळ्यांनी तपासले, कारण ते बंद पडले की लगेच कळते. उंबऱ्याच्या पोकळीत भरलेला गाळ मात्र कोणाला दिसत नव्हता. मी ज्या गॅरेजला गाडी दिली, तिथे स्पष्ट सांगितले होते की आतला गाळ धुऊन काढा आणि जिथे पत्रा गेला असेल तिथे नवा लावा. गाडी परत आली ती नव्यासारखी चमकत होती. बिलावर पत्राकाम लिहिलेले होते.

पुढचा पावसाळा संपता संपता डाव्या उंबऱ्यावर फुगे आले. उद्यमनगरात पत्राकाम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांच्याकडे गाडी लावली. त्यांनी रंगावर बोटाने टिचकी मारली आणि काही न बोलता ग्राइंडर लावला. पत्र्याच्या ठिणग्या उडायला हव्या होत्या, त्याऐवजी पांढरी धूळ उडाली. उंबऱ्याच्या बऱ्याच लांबीवर पत्राच नव्हता. जाळी बसवून तिच्यावर बोटभर जाड पुट्टी थापलेली होती. पुट्टी पाणी शोषून घेते, म्हणून ती नीट प्रायमर मारलेल्या साबूत पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लावायची नसते. इथे तिच्या मागे पुराचा गाळ तसाच होता, आणि तो अजून ओला होता.

मग मामांनी सीट काढली, मॅट उचलली आणि मला हाक मारली. "दादा, जरा इकडं या. हे माझ्या तोंडून नको, तुमच्या हातानं बघा." सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे बसतो त्या जागी त्यांनी माझा हात ठेवला. मी पट्टा धरून ओढला, फार जोरानेही नाही, आणि बोल्ट भोवतालच्या पत्र्यासकट माझ्या हातात आला. त्या पत्र्याचे पापुद्रे बोटांनी चुरत होते. माझी मुलगी शाळा सुरू होत्या तोपर्यंत रोज सकाळी त्याच सीटवर बसून शाळेला गेली होती आणि पट्टा लावल्याशिवाय मी गाडी सुरू करत नव्हतो. तो पट्टा जाळीला आणि पुट्टीला बांधलेला होता. मामांनी चहा मागवला, तो मला घेता आला नाही. घरी जाऊन मी हे सांगितले तेव्हा माझी आई एवढेच म्हणाली, की ज्याने हे केले त्याच्या घरात लेकरे नाहीत का.

त्या गॅरेजवाल्याशी नंतर काय बोलणे झाले, ते लिहिण्यात अर्थ नाही. मात्र त्या दिवसापासून चकचकीत रंग हा माझ्यासाठी पुरावा राहिलेला नाही, आणि तुम्ही हसता ती माझी पद्धत तिथूनच आली आहे. साबूत पत्रा लागेपर्यंत कापायचे, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा बसवायचा, तापून वाकू नये म्हणून सीओटू वेल्डिंगने अंतर सोडून टाके मारायचे. सांध्यावर सीलर, त्यावर एपॉक्सी प्रायमर, मग रंग. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याची आतली बाजू उघडी पडते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर नवा पत्रा जुन्यापेक्षा लवकर जातो. म्हणून सगळे थंड झाल्यावर पोकळीत लांब नळीने मेण फवारायचे. हे मेण आधी मारून चालत नाही, कारण ते पेट घेते.

डांबर का मारून घेत नाही, असेही विचारता. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ते चालते. पण गंजावर मारलेले डांबर काही काळाने तडकते, तड्यातून पाणी आत जाते आणि मग बाहेर पडत नाही. जळके ऑइल मारण्याचा सल्ला तर कृपया देऊ नका. त्याने स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश फुगून खराब होतात आणि ते ऑइल पावसाबरोबर शेवटी शेतात आणि ओढ्यातच जाते. त्यापेक्षा मेहनतीचे आणि जवळजवळ फुकटचे काम म्हणजे दाराच्या आणि उंबऱ्याच्या तळाची पाणी निघायची भोके तारेने मोकळी ठेवणे, मृगाच्या आधी केबिनमधली मॅट काढून टाकणे, खताच्या खेपेनंतर हौदा आणि चाकांच्या कमानी आतून धुणे, आणि ओली ताडपत्री हौद्यात घडी करून न ठेवणे. ही भोके बुजली आहेत का, हे मी कोणाच्याही गाडीजवळ उभा राहिलो की वाकून पाहतो. त्याचा तुम्हाला राग येतो, हेही मला ठाऊक आहे.

आता विकण्याबद्दल. पूर ओसरल्यानंतर मी स्वतःच गाडी विकायला निघालो होतो, आणि तेव्हाचा मी काही मूर्ख नव्हतो. त्या तेव्हाच्या 'मी'चे म्हणणे असे होते, की या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आहे, भार चासी उचलते, केबिन म्हणजे वरचे कवच. त्या कवचासाठी दरवर्षी मिस्त्रीच्या दारात उभे राहण्यापेक्षा आहे त्या किमतीला द्यावी आणि कर्ज काढून नवी घ्यावी. आज मी त्याला सांगतो, की सीटबेल्ट त्याच कवचाला असतो, आणि पुरातली गाडी चमकवून दिली असती तर तो बोल्ट दुसऱ्या कोणाच्या मुलीच्या कमरेपाशी असता. यावर त्याचे उत्तर तयार आहे: खरे सांगून भंगारात घालायची होती. त्याला माझ्याजवळ तोड नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते, पत्राकामाचा खर्च वेगळा, आणि सगळा हिशेब मांडला तर पारडे त्याच्याकडेच झुकते. गाडी आबांनी घेतली होती, हे कारण मी हिशेबात धरत नाही. पण ते तिथे नाही, असेही मला म्हणता येणार नाही.

सध्या उजवा उंबरा पूर्ण झाला आहे. मागच्या खांबाचा तळ उघडायचा की नाही, यावर मामांचे आणि माझे एकमत नाही. टिचकीचा आवाज ठणठणीत आहे, म्हणून कापू नये, असे ते म्हणतात. मला मात्र तो आतून पाहायचा आहे. फिटनेसची तारीख मे महिन्यात आहे, तोपर्यंत ठरवावे लागेल. आणि कापायचे ठरले, तर पुढच्या वर्षी तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल.