घनसाळची गिरणी: आमची वाटचाल

घनसाळ म्हणजे आमच्या आजऱ्याकडचा वासाचा तांदूळ. ज्यांनी तो हलरवर, म्हणजे भात भरडायच्या जुन्या यंत्रावर, भरडलाय त्यांना कणी किती पडते ते सांगायला नको. वडिलांच्या काळी आमच्या आजऱ्याच्या गिरणीत तोच हलर होता. गिरणी माझ्या हातात आली तशी मी कर्ज काढून रबर रोलरचा शेलर बसवला. दोन रोलर वेगवेगळ्या गतीने फिरतात, तूस सोललं जातं, दाणा अख्खा राहतो. मात्र इंद्रायणी जातीच्या भातानंतर घनसाळ घालताना रोलरांमधली फट पुन्हा लावावीच लागते. मी अजून ती स्वतः लावतो, कामगाराच्या हाती देत नाही. पॉलिशरलाही घाई चालत नाही. तांदूळ तापला की वास गेला. म्हणून घनसाळ आमच्याकडे पहाटेच काढतात, आणि पांढराशुभ्र करून मागणाऱ्याला मी सरळ दुसरी गिरणी दाखवतो.

बियाण्याचं श्रेय मात्र मामांचं. नात्याने मामा नव्हेत, वडिलांचे दोस्त आणि गिरणीतले पहिले भागीदार. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की विळा घेऊन वाफ्यात शिरायचे आणि बियाण्यात भेसळ नको म्हणून उंचीला, रंगाला वेगळी दिसेल ती लोंबी मुळासकट बांधावर. गावात सगळे संकरित भाताच्या मागे लागले तेव्हाही घनसाळाबरोबर काळा जिरगा या इकडच्याच जुन्या वासाच्या भाताचं बी त्यांनी राखेत घोळून मडक्यात जपलं. लोक हसायचे. घनसाळ उंच वाढतो, वाऱ्याने आडवा होतो, उतारा कमी, हे काय मामांना कळत नव्हतं? पण त्याचा पिंजार गुरं आवडीने खातात, ही बाजू हसणाऱ्यांच्या हिशेबात कधी आली नाही.

2016 साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव इथल्याच तांदळाचं ठरलं, आणि आमची खरी कसोटी तिथून सुरू झाली. नावाला भाव आला तसे नाव विकणारे आले. एका व्यापाऱ्याने आमच्यासारखीच हिरवी पिशवी छापली, वर ‘अस्सल आजरा घनसाळ’, आत बहुतेक इंद्रायणी. इंद्रायणी वाईट नाही हो. वडगाव मावळच्या केंद्रातलं वाण, आंबेमोहराचंच रक्त. मग तिच्या नावानेच विका की! मी तोंडावर विचारलं, तर म्हणतो, “अण्णा, तुम्ही वासावर विकता, आम्ही भावावर.” त्याचा दर असा, की त्या दरात मला शेतकऱ्याकडून भातसुद्धा मिळत नव्हतं.

त्यात ऑगस्ट 2019 चा महापूर. शिरोलीला पुण्याकडे जाणारा महामार्ग पाण्याखाली, कोल्हापूरच्या भाड्याच्या गोदामात आमची पोती भिजून उगवायला लागलेली. पुण्याच्या दुकानांनी वाट पाहिली नाही, त्या हिरव्या पिशव्या मांडल्या. रस्ता सुरू झाल्यावर मी गेलो तर “आता तुमचा महाग वाटतो” म्हणाले. ज्यांना वर्षानुवर्षं उधार दिलं तेच हे. शेलर विकायला काढला होता, गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं.

तेव्हा परळच्या काकूंचा डबा आला. माहेर आजऱ्याकडचं, नवरा मुंबईच्या कापड गिरणीतला कामगार, वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. डब्यात त्या हिरव्या पिशवीतला तांदूळ आणि चिठ्ठी: “हा शिजवून पाहा. आमच्या अख्ख्या चाळीला फसवलंय. तुमचा आहे का?” मी दाणे तळहातावर घेतले. लांब दाणा, आणि मूठ मिटून गरम फुंकर घातली तरी वास नाही. काकूंना तसं कळवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी चाळीतल्या घराघराची यादी पाठवली, आणि पैसे आगाऊ! शेलर राहिला. नंतरची वर्षं बरी चालली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

नव्याने गिरणी घालणाऱ्या पोरांनो, भात दाताखाली कटकन तुटलं तरच भरडायला घ्या, चिवट लागलं तर परत वाळवा. ओलावा चौदा टक्क्यांच्या वर असेल तर गोडीगुलाबीने परत पाठवा. घरचं बी विकायला घाबरू नका, 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क दिलाय. फक्त ब्रँड लावून विकू नका. आणि पिशवीचा रंग दरवर्षी बदला, हे मला उशिरा सुचलं.

काळा जिरगा यंदाही विक्रीला नाही. पिकला तेवढा सगळा बियाण्याला ठेवलाय, बांधावरच्या चार घरांत वाटायचा आहे. पुण्याच्या मंडळींनी त्यासाठी फोन करू नये, आणि केलाच तर आधी 2019 ची बाकी भरावी.